रामेनला लाइक, फँड्रीला दगड

ही रील तुमच्या मोबाइलवर एकदा तरी आलीच असणार. जाड बुडाचं काळं भांडं, आत तांबूस रस्सा संथपणे खदखदतोय. चॉपस्टिक नुसती टेकवली की मांसाचा तुकडा आपोआप सुटतो. मग वाडग्यात नूडल्स, त्यावर तो तुकडा, अर्धं कापलेलं अंडं, वरून कांद्याची पात. तुम्ही रील तीनदा बघता, ग्रुपवर टाकता आणि लिहिता, 'एकदा तरी खायचंय यार!'

आता सांगा, त्या वाडग्यात काय आहे?

पोर्क. म्हणजे डुकराचं मांस. 'पोर्क' म्हटलं की डोळ्यांसमोर कोरियन ड्रामा येतो, जपानी रेस्टॉरंटचे लाल कंदील येतात. 'डुक्कर' म्हटलं की गावाबाहेरची गटार येते, आणि तिच्या पलीकडची वस्ती. प्राणी एकच, मांस एकच. तरी एका शब्दाला आपण लाइक देतो आणि दुसऱ्याला नाक मुरडतो. मला बोलायचंय ते या नाकाबद्दल.

जब्याचं डुक्कर आणि आपलं रामेन

नागराज मंजुळेंचा 'फँड्री' आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. १४ फेब्रुवारी २०१४ ला, ऐन व्हॅलेंटाइन्स डेला तो थिएटरात आला, तेव्हा आज कॉलेजात असलेले आपण सगळे शाळेत होतो. 'फँड्री' म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. जब्याच्या घरच्यांना गावातली डुकरं पकडायचं काम सांगितलं जातं. वर्गातली शालू बघेल म्हणून तो लपत राहतो आणि अख्खा गाव कुंपणावर बसून त्या पकडापकडीची मजा बघतो. शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो थेट आपल्या दिशेनं भिरकावतो. थिएटरातून बाहेर पडताना सगळे गप्प होते, असं मोठी माणसं सांगतात.

गंमत बघा. तो दगड खाल्लेल्या प्रेक्षकांचीच पुढची पिढी आज पोर्क रामेनसाठी शहरात रांग लावते. रामेन खाण्यात वाईट काहीच नाही. पण जब्याच्या घरी चुलीवर जे शिजत होतं, त्याबद्दलचं आपलं मत या दहा-बारा वर्षांत बदललं का? मला तरी तसं दिसत नाही.

मी रोहिणखेडची. मोताळा तालुका, बुलढाणा जिल्हा, घाटाखालचं गाव. इतिहासाच्या पुस्तकांत आमचं नाव दोन लढायांसाठी येतं, एक १४३७ ची आणि एक १५९० ची. सोळाव्या शतकातली जुनी मशीद आजही गावात उभी आहे. अशा गावात कोण काय खातं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्यावर कुणी बोलत नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती, वडार वस्तीतली. डब्यात काय आणलंस असं कुणी विचारलं की ती ठरलेलं उत्तर द्यायची, "मटन." कुणी वाकून बघू नये म्हणून डब्याचं झाकण अर्धंच उघडायची. तिच्या आजोबा-पणजोबांनी या भागातल्या विहिरी खोदल्या, रस्त्यांची खडी फोडली. त्या विहिरींचं पाणी सगळ्यांनाच चाललं. डबा मात्र झाकूनच खावा लागला.

आता ती पुण्यात नोकरी करते. परवा फोनवर म्हणाली, "ऑफिसातले लोक पोर्क बाओ, पोर्क रामेन असं काय काय मागवतात. मला विचारतात, तू ट्राय केलंयस का कधी? काय सांगू त्यांना?"

तिनं काय सांगायला हवं होतं? हा प्रश्न मी तुमच्याकडेच सोपवते.

'एशियन' म्हणजे नेमकं कुणाचं?

मेन्यू कार्डावर 'एशियन' लिहिलं की ते दूरचं आणि भारी वाटतं. अहो, बुलढाणा पण आशियातच आहे! आणि हे नुसतं भूगोलापुरतं नाही. मंद आचेवरच्या या पोर्क-नूडल्सला लागतं काय काय, ते जरा बघा.

पहिला सोया सॉस. तो सोयाबीन आणि गहू आंबवून बनतो. सोयाबीन तर आपल्या वावरातलं पीक. त्याच्या भावासाठी आपल्या जिल्ह्यात किती आंदोलनं झाली, ते तुम्ही पाहिलंय. आपलं सोयाबीन तेलगिरणीत जातं आणि सॉसची बाटली आपण दुकानातून विकत आणतो. दुसरं चक्रीफूल आणि दालचिनी, म्हणजे आपल्या काळ्या मसाल्यातलीच मंडळी. तिसरा गोडवा. चिनी स्वयंपाकात त्यासाठी खडीसाखर घालतात, आपल्याकडे गूळ आहे. आणि नूडल्स? उन्हाळ्यात अंगणात खाट टाकून आज्या, काकू, मावश्या शेवया करतात ते काय असतं मग? आपली सरगुंडे तर हातानं काडीवर वळतात. चीनमधल्या एखाद्या आजीनं ती पाहिली तर तिला ती घरचीच वाटतील.

रस्त्यावरच्या आपल्या चायनीजची गोष्टही अशीच मिसळीची आहे. हक्का नूडल्स आपल्याकडे आल्या त्या कोलकात्यात स्थायिक झालेल्या चिनी कुटुंबांमुळे. त्याच कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन बनवलं. आलं, लसूण, हिरवी मिरची आपली, फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. आज फाट्याफाट्यावरच्या गाडीवर कोबीचं मंचुरियन मिळतं आणि ते परकं आहे असं कुणालाही वाटत नाही. नूडल्स आपण पन्नासेक वर्षांत आपल्याशा केल्या. पोर्क तर इथल्या कितीतरी घरांत आधीपासूनच होतं. तरी परकं राहिलं ते तेच.

ते कुठे कुठे होतं, तेही बघू. वडार, कैकाडी अशा समाजांत होतं. वसईच्या ख्रिस्ती घरांत सणासुदीला इंद्याल होतं. गोव्यात सोरपोतेल आणि चोरीस. कर्नाटकात कोडगूची पंदी करी. ईशान्य भारतात तर घरोघरी. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ९० लाख डुकरं मोजली गेली आणि त्यातली सगळ्यात जास्त आसामात होती. म्हणजे पोर्क खायला शिकण्यासाठी भारताला कोरियाची वाट बघायची गरज नव्हती.

मातीमोल मांसाची मानाची गोष्ट

चिनी लिपीत 'घर' या अर्थाचं एक चिन्ह आहे. त्यात वर छप्पर असतं आणि छपराखाली डुक्कर. तरीही हे मांस तिथे नेहमीच प्रतिष्ठेचं होतं असं नाही.

अकराव्या शतकात सु शी नावाचा मोठा कवी आणि सरकारी अधिकारी होऊन गेला. दरबारी राजकारणात तो सापडला आणि १०८० मध्ये त्याची रवानगी हुआंगझोऊ या आडगावी झाली. हातात पैसा नाही. तिथे डुकराचं मांस अगदी स्वस्त मिळायचं, कारण खात्यापित्या घरांना त्याची किंमत नव्हती. सु शीनं ते थोड्या पाण्यात, बारीक विस्तवावर, घाई न करता शिजवलं आणि त्याबद्दल कौतुकानं लिहूनही ठेवलं. त्याच काळात त्यानं 'दाँगपो' हे नाव घेतलं. आज दाँगपो पोर्क हे हांगझोऊ शहराचं मानाचं पक्वान्न आहे. मांस तेच राहिलं. मोठ्या माणसानं त्याला हात लावल्यावर त्याची पत बदलली.

इथेच मला खटकतं. आपल्याकडेही पत बदलतेय, पण ती रीलवाल्या शेफमुळे. ज्या आयांनी पिढ्यान्‌पिढ्या हे मांस तिखट, मीठ, लसूण घालून त्याच्याच चरबीत शिजवलं, त्यांच्यामुळे नाही.

आणि जपानचं कौतुक करताना हेही माहीत असू द्या. जनावरं कापणाऱ्या, कातडं कमावणाऱ्या समाजाला तिथेही शेकडो वर्षं गावाबाहेर ठेवलं गेलं. त्यांना 'बुराकुमिन' म्हणतात. कायद्यानं हा भेद १८७१ मध्ये संपवला, पण लग्न जुळवताना, नोकरी देताना तो पुढेही निघत राहिला. ओळखीचं वाटतंय ना?

'पण ते घाण खातं ना?'

हा प्रश्न येणारच, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. गावात मोकाट फिरणारं डुक्कर घाण खातं, हे खरं आहे. पण ती घाण कुणाची? गटार उघडी कुणी ठेवली? उकिरडा रस्त्यावर कुणी आणला? उघड्यावर कोण बसलं? घाण करायची आपण, साफ करायची डुकरानं, आणि घाणेरडं ठरायचं डुकरानं आणि त्याच्या मालकानं! हा कुठला न्याय?

आजाराची भीतीही खरी आहे. डुकराच्या मांसातून पट्टकृमी होऊ शकतो. पण त्याचा फेरा नीट समजून घ्या. डुकराला हा कृमी लागतो तो माणसाच्या विष्ठेतून. कच्चं राहिलेलं मांस खाल्लं तर माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूत गाठी होऊन फिट्स येतात तो प्रकार मात्र कृमीची अंडी पोटात गेल्यानं होतो. ही अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, भाजीवर, न धुतलेल्या हातांवर येतात. म्हणून आयुष्यात मांसाला न शिवलेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो. थोडक्यात, दोष संडास आणि सांडपाण्याचा आहे. उपाय आहे स्वच्छता, बंदिस्त गोठ्यात पाळलेली जनावरं आणि पूर्ण शिजवलेलं मांस. किळस हा काही उपाय नाही.

न खाणं वेगळं, नाक मुरडणं वेगळं

आता महत्त्वाचा मुद्दा. सगळ्यांनी पोर्क खावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. मुस्लिम घरांत ते हराम आहे. पुष्कळ हिंदू घरांतही ते चालत नाही. कुणी शाकाहारी असतं, कुणाला नुसती चवच आवडत नाही. न खाण्याचा हक्क पूर्ण आणि पक्का आहे, त्यासाठी कारण सांगायचीही गरज नाही. कुणाला न सांगता ते खाऊ घालणं, 'खाऊन तर बघ' म्हणून मागे लागणं, कुणाच्या श्रद्धेची टर उडवायला मुद्दाम समोर आणून ठेवणं, हा शुद्ध आगाऊपणा आहे. करणार असाल तर आधी सांगा, भांडी वेगळी ठेवा.

पण 'मी खात नाही' आणि 'शी, तुम्ही हे खाता?' ही दोन वाक्यं वेगळी आहेत. पहिल्या वाक्यात माणूस आपल्या ताटाबद्दल बोलतो, दुसऱ्यात समोरच्याच्या लायकीबद्दल.

आणि या दुसऱ्या वाक्याचे परिणाम आपल्या वयाच्या लोकांना रोज भोगावे लागतात. शहरात खोली शोधायला गेलात तर पहिला प्रश्न 'नॉनव्हेज खाता का?' हा असतो, आणि पुष्कळदा त्याच्या पोटात आडनावाचा प्रश्न दडलेला असतो. २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्य भारतातल्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचनापुस्तिका काढली होती. बांबूचे कोंब, अखुनी असे वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास होणार नाही अशा बेतानं करा, असा सल्ला त्यात होता. निकोलस खारकोंगोर यांचा 'अखुनी' हा सिनेमा याच दुखण्यावर आहे. २०२० मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. दिल्लीत राहणारी ईशान्येकडची काही मुलं-मुली मैत्रिणीच्या लग्नासाठी पोर्क-अखुनी करायला निघतात आणि त्यांना शिजवायला जागाच मिळत नाही. अखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. पुन्हा आपलंच पीक! तोच सोयाबीन बाटलीत गेला की सॉस होतो, आणि मणिपूरच्या किंवा नागालँडच्या मुलीच्या पातेल्यात गेला की त्याची तक्रार होते.

आपल्या राज्यातही, आयआयटी मुंबईच्या मेसमध्ये २०२३ मध्ये काही टेबलं शाकाहारींसाठी राखून ठेवण्यावरून वाद पेटला. विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. देशातल्या सगळ्यात हुशार पोरांची ही कथा, तर आपल्या हॉस्टेलांचं काय विचारता?

चला, आता शिजवूया

खाणाऱ्यांसाठी आणि करून बघायची इच्छा असणाऱ्यांसाठी आता प्रत्यक्ष कृती. मोजून घेतलेलं प्रमाण पाच-सहा जणांचं आहे.

मांस बंदिस्त जागी पाळलेल्या जनावराचं आणि खात्रीच्या दुकानातलंच घ्या. आपल्या भागात सहज मिळेलच असं नाही, मोठ्या शहरात मिळतं. खांद्याचं किंवा पोटाचं मांस मागा, चरबीचा थर असलेलं. एक किलोचे दीड-दोन इंचांचे तुकडे करा. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाका, वर आलेला फेस आणि ते पाणी फेकून द्या, तुकडे धुऊन घ्या.

जाड बुडाच्या गंजात दोन चमचे तेलावर दोन मोठे चमचे किसलेला गूळ विरघळू द्या. तो तांबूस झाला की लगेच तुकडे घालून परता. गूळ करपू देऊ नका, कडवट होतो. मग दोन इंच आल्याचे काप, आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन चक्रीफुलं, दालचिनीचा एक तुकडा, चार सुक्या मिरच्या. वरून पाच-सहा मोठे चमचे सोया सॉस आणि तुकडे जेमतेम बुडतील इतकंच गरम पाणी. मीठ आत्ता घालू नका, सॉसमध्ये ते असतंच. शेवटी चाखून ठरवा.

एक उकळी आली की आच अगदी बारीक करा, झाकण ठेवा आणि दोन ते अडीच तास विसरून जा. अधूनमधून तळ तेवढा बघा. इतका वेळ कशाला? तर खांद्याच्या मांसात चिवट धागे असतात. साधारण सत्तर अंशांच्या पुढे, बराच वेळ मिळाला तरच ते विरघळून जिलेटिन होतात. रश्श्याला येणारा चिकट, चकचकीत दाटपणा त्यातूनच येतो, त्यासाठी कॉर्नफ्लोअर लागत नाही. मोठ्या आचेवर घाई केली तर मांस रबरासारखं होतं. गॅसची काळजी असेल तर कुकरमध्ये बारीक आचेवर पंचवीस मिनिटं, मग झाकण काढून रस्सा आटवा. चव थोडी उणी, पण जमतं.

नूडल्स वेगळ्या उकळा, थोड्या कच्च्या असतानाच निथळा, कारण गरम रश्श्यात त्या पुढे शिजतात. गव्हाच्या जाड शेवया असतील तर त्या घ्या, काही बिघडत नाही. वाडग्यात नूडल्स, वर मांस, दोन पळ्या रस्सा, कांद्याची पात, उकडलेलं अंडं. पोर्क नको असेल तर हीच कृती बोकडाच्या खांद्यावर चालते. शाकाहारी असाल तर मशरूम किंवा सोयावडी घ्या आणि वेळ अर्ध्या तासावर आणा.

ताट कुणासोबत?

हे जेवण एकट्यासाठी करायचं नसतं. अडीच तास शिजणाऱ्या भांड्याभोवती चार माणसं बसतातच, आणि गप्पा होतातच. त्या चार माणसांत कोण आहे, हे बघा एकदा. तुमच्या वर्गात, ऑफिसात, हॉस्टेलच्या मजल्यावर एक तरी जण असेल ज्याच्या घरी हे मांस आजीच्या आजीपासून शिजतंय आणि ज्यानं ते कधी सांगितलेलं नाही. त्याला 'ट्राय केलंयस का?' असं विचारू नका. 'तुमच्याकडे कसं करतात?' असं विचारा. तो मोकळा झाला तर पुढच्या वेळी त्याच्या घरची पद्धत शिका, आणि पदार्थ कुणाकडून शिकलात ते रीलखाली नावासकट लिहा.

तुम्ही खात नसाल तरी हे काम तुम्हाला करता येतं. शेजारी बसा, तुमची पोळी-भाजी खा, गप्पा मारा आणि डब्याचं झाकण पूर्ण उघडू द्या.